सोमवारच्या डब्यातल्या साली

कामिनी माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग, एक टेबलफॅन आणि तांब्याच्या नळीचं एक मोठं वेटोळं होतं. बॅग आणि फॅन समजले. वेटोळ्याकडे मी पाहत राहिले, तर तीच म्हणाली, "आजी, हे माझ्या प्रोजेक्टचं आहे. खोली तर पाहिजेच, पण त्याच्याआधी विचारते, गच्ची वापरू द्याल का? होस्टेलवर शेगडी पेटवू देत नाहीत."

माझा जन्म झाडीपट्टीच्या नाटकांत गेला. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की गावोगाव तंबू पडायचे, आणि थंडीने दात वाजत असतानाही आम्ही जरीचा शालू नेसून राण्या व्हायचो. आमचे जुने मालक म्हणत, नट विंगेतून कसा बाहेर येतो ते पाहा, तो प्रवेश निभावणार की नाही तिथेच कळतं. या मुलीने आल्या आल्या काय हवं आणि कशासाठी हवं ते सांगून टाकलं होतं. मी गच्चीची किल्ली तिच्या हातात दिली.

माझं घर नागपुरात, तेलंगखेडीत. इथून तिचं विद्यापीठ पायी जाण्यासारखं. विद्यापीठ केवढं मोठं! तिच्या गावातली सगळी घरं त्या आवारात बसवली तरी शिवार उरेल, असं ती म्हणायची. गाव नरखेड तालुक्यात. वडील रुपरावजी, संत्र्याची बाग. आई पंचफुलाबाई. घरात लेकरू म्हणजे कामिनी एकटीच.

"केमिकल इंजिनिअरिंगच का घेतलंस?" मी एकदा विचारलं. वाटलं, काहीतरी सुंदर उत्तर येईल.

"नंबर तिथे लागला," ती म्हणाली.

माझ्याकडे ती शेवटच्या वर्षाला आली; पहिलं वर्ष तिला जड गेलं होतं. वर्गात इंग्रजी, बाहेर हिंदी, आणि हिच्या तोंडात वऱ्हाडी. मागच्या बाकावर बसायची. गणित राहिलं, ते पुढच्या परीक्षेत काढलं. सुटीत गावी गेली की लोक तिला बागेत घेऊन जायचे.

"कामिनी, ह्या झाडाले डिंक्या आला वं. काय मारू?"

"काका, ते ॲग्रिकल्चरवाल्यांचं काम. मले नाही समजत."

"औषध म्हणजे केमिकलच ना? मंग चार वर्षं काय शिकून राहिली तू?"

हे ती मला नक्कल करून सांगायची, आणि नक्कल चांगली करायची. पण त्या प्रश्नाचं उत्तर तिला दुसऱ्या वर्षात सापडलं होतं. तेही तिने मला स्वयंपाकघरात सांगितलं, मी वरण घोटत असताना. "आजी, आमच्या सगळ्या शिक्षणाची पहिली ओळ एवढीच आहे. भांड्यात जेवढं घातलं तेवढं बाहेर आलं पाहिजे. वाफ होऊन येईल, गाळ होऊन येईल, कसंही येईल. नाही आलं तर ते कुठे गेलं ते शोधायचं. त्याला मास बॅलन्स म्हणतात."

"मग नाटक कंपनीचा मालकही केमिकल इंजिनिअर म्हणायचा," मी म्हटलं. "गावातून निघताना तो प्रत्येक मुकुट मोजायचा."

ती हसली. पण ही पहिली ओळ तिने मनापासून धरली होती, आणि पुढे सगळं त्या ओळीवरच येऊन ठेपलं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. तिचे मार्गदर्शक प्रेमानंद सर. शांत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी सुचवलं होतं की संगणकावर एखाद्या कारखान्याचं गणित मांडा, निर्विघ्न पार पडाल. कामिनीने ऐकलं नाही. तिला शेताच्या बांधावर ठेवता येईल असा लहान संच बनवायचा होता. एका भांड्यात पाण्याची वाफ, ती वाफ दुसऱ्या भांड्यातल्या संत्र्याच्या सालींमधून जाणार, सालींमधलं तेल सोबत घेऊन निघणार, तांब्याच्या नळीत थंड होणार, आणि बाटलीत पाण्यावर तेलाचा थर तरंगणार. साबणवाले, अत्तरवाले, सगळ्यांना हे तेल लागतं. बांधावर साली कुजतात आणि तेल दुसरीकडून येतं, हे तिला पटत नव्हतं.

सर म्हणाले, "करा. पण बाहेरच्या परीक्षकांसमोर तेल दाखवावं लागेल. नुसता संच दाखवून मी तुम्हाला पास करू शकणार नाही. सेमिस्टर पुन्हा करावं लागेल."

बुटीबोरीच्या एका कारखान्यात तिची निवड झाली होती, पण जूनमध्ये पदवी हातात असेल तरच. रुपरावजींनी ती बातमी गावभर केली होती. म्हणजे सगळं त्या बाटलीतल्या थरावर येऊन थांबलं.

प्रोजेक्टमध्ये तिची जोडीदारीण गार्गी. सदरमध्ये वडिलांचं चष्म्यांचं दुकान, अंगात वारं, तोंडात अर्धी हिंदी. दोघींनी मिळून गच्चीवर संच मांडला. जुना मोठा कुकर, त्याच्या शिट्टीच्या जागी नळी. पुढे स्टीलचा उभा डबा, त्यात जाळी. पुढे ते वेटोळं, पाण्याच्या बादलीत बुडवलेलं. मला आमच्या कंपनीचा धुराचा खोका आठवला. राक्षसाच्या प्रवेशाला तो हमखास अडायचा.

पहिल्याच दिवशी शेजारचे धोंडबाजी भिंतीवरून डोकावले. सारी नोकरी दारूबंदी खात्यात केलेले. नाक अजून कामावर होतं.

"बाई, भांडं हाय, नळी हाय, पाणी हाय, जाळ हाय," ते बोटांवर मोजत मला म्हणाले. "म्या अशा भट्ट्या फोडता फोडता पेन्शनीत आलो. आता म्हातारपणी शेजारीच?"

"काका, संत्र्याच्या सालीचं तेल काढून राहिलो आम्ही," कामिनी म्हणाली.

"सगळे असंच सांगतात वं पोरी. मले त एकानं गुलाबपाणी म्हणून सांगतलं होतं."

"काकाजी, पहली बॉटल आपको ही देंगे," गार्गी म्हणाली. "डोक्याले लावा."

धोंडबाजींनी आपल्या टकलावरून हात फिरवला आणि समाधानाने खाली उतरले.

साली घरून यायच्या. बागेचा सौदा झाडावरच होतो. व्यापारी फळं पाहून पूर्ण बाग घेतो, आणि सौदा झाला की बागवान आपल्याच बागेतलं फळ तोडत नाही. रुपरावजी या बाबतीत कडक. पण सौद्याच्या वेळी घरासाठी दोन झाडं राखून ठेवतात. पंचफुलाबाईंनी त्या दोन झाडांची फळं सोलली. गर अंगणवाडीतल्या लेकरांना वाटला. ती कमी पडली तेव्हा गल्लीतल्या बायांना सांगितलं, संत्री खा पण साली माझ्याकडे आणून द्या, पोरीच्या कॉलेजाले पायजे. आणि दर सोमवारी सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागे एक मोठा स्टीलचा डबा, कापडात गाठ मारलेला, नागपूरला यायचा. कामिनी गणेशपेठच्या स्टँडवर जाऊन तो घ्यायची. डब्याला कधी एक डाग नसायचा. साली स्वच्छ, सारख्या कापलेल्या. जराशा मऊ असायच्या. बसमधल्या उकाड्याने होत असतील असं कामिनीने धरलं.

पहिला सोमवार. शेगडी पेटली, वाफ गेली, नळीतून थेंब पडू लागले. बाटली भरली. पाणी. वर तेलाचा थर नाही. फार तर उन्हात धरल्यावर एक झिरझिरीत चमक. वास संत्र्याचा, पण लांबून आल्यासारखा.

"सांध्यातून वाफ पळत असेल," कामिनी म्हणाली.

पुढच्या सोमवारी धोंडबाजी स्वतःच गच्चीवर आले. "झाकणाले कणिक लावा," त्यांनी हुकूम सोडला. "लोक तसंच करत. म्या पाह्यलं हाय."

"काका, तुम्ही पकडत होते का शिकत होते?" कामिनीने विचारलं.

मी कणिक भिजवून दिली. वाफ पळायची थांबली. तेल आलं नाही.

तिसऱ्या खेपेला बादलीत बर्फ टाकला. चौथ्या खेपेला नळीच बदलली. गार्गीने वहीत सगळे आकडे लिहिले: साली किती, पाणी किती, बाहेर आलं किती. पाण्याचा हिशेब बरोबर जुळायचा. तेलाचा जुळत नव्हता.

"रिसर्च पेपरमध्ये लिहिलंय की एवढ्या सालीत इतकं तेल असतं," गार्गी म्हणाली. "यार, आपल्या सालीतच नसेल."

कामिनीला राग आला. मी तिला पहिल्यांदाच चिडलेली पाहिली. "आमच्या झाडाचं फळ आहे ते. नख लावलं तर डोळ्यात उडते. सालीत तेल आहे. आपल्याच संचात काहीतरी चुकून राहिलं."

"मंग गया किधर?"

"तेच तर."

परीक्षा जवळ आली. सरांनी तिला बोलावून सांगितलं की अजूनही संगणकाचा विषय घेता येईल, मी धावपळ करून मंजुरी आणतो. भला माणूस. कामिनी म्हणाली, गुरुवारी मी संचच आणते. घरी आली आणि जिन्यात बसून राहिली. मी चहा दिला. तिने घेतला, आणि म्हणाली, "आजी, बाबाले काय सांगू?" मी म्हटलं, "अजून गुरुवार यायचा आहे." यापेक्षा शहाणं मला काही सुचलं नाही. रंगमंचावर असते तर चार वाक्यं सुचली असती, पण ती दुसऱ्याने लिहिलेली असायची.

बुधवारी दुपारी पंचफुलाबाई आल्या. न सांगता. पोरीचं यंत्र उद्या मोठे साहेब पाहणार म्हणून त्या एसटीने एकट्या आल्या होत्या. एका हातात नेहमीचा डबा, दुसऱ्या हातात संत्र्यांनी गच्च भरलेली थैली. उंच, सडसडीत बाई. दारात उभं राहून आधी माझ्या पाया पडू लागल्या, मी धरलं तर म्हणाल्या, "पोरीले सांभाळून राहिल्या तुम्ही. पडू द्या मले."

"आई, काहून आली तू? थैली एवढी जड!" कामिनी म्हणाली.

"तुह्या सरासाठी संत्री हायत. राखल्या झाडायची, शेवटची. रिकाम्या हातानं जाते का कोणी?"

गच्चीवर गार्गीने शेगडी पेटवलीच होती. कामिनीने डबा उघडून साली भरल्या, कणिक लावली. पंचफुलाबाई पदर खोचून भिंतीला टेकून बसल्या आणि आपल्या लेकीचं यंत्र पाहू लागल्या. थेंब पडत होते. त्यांनी वाकून नळीच्या तोंडाशी नाक नेलं. मग म्हणाल्या, "एवढूसा वास येते व्हय?"

"एवढाच येते, आई."

"आमच्या घरी त गल्लीच्या टोकापर्यंत जाते. दर सोमवारी. शेजारीण विचारते, आज मुरंबा का? मी म्हणलं, नाही वं, पोरीच्या साली उकळून राहिली."

गार्गीचं पेन थांबलं.

"उकळून?" कामिनी म्हणाली.

"मंग? दोन पाण्यानं. पहिलं पाणी लई कडू राहते, त्याच्यावर तेलकट तवंग येते. ते फेकून देल्लं. मंग दुसरं. मंग थंड्या पाण्यातून काढून पुसून भरल्या." त्यांनी आमच्या तिघींच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं? तू म्हणाली होती ना, अर्क काढाचा हाय. लोकायच्या तोंडी जाणार. कडू पाठवू का कॉलेजात?"

आमच्या नाटकांत अशा जागी पेटीवाला एक सूर धरून ठेवायचा. इथे गार्गीने शेगडी बंद केली.

कामिनी आईच्या शेजारी जाऊन बसली. ओरडली नाही. "आई, तो तवंगच पायजे होता मले," ती म्हणाली.

"तेलकट होतं ते."

"हो. ते तेलच."

पंचफुलाबाईंना समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मीच उठून उभी राहिले. चार सोमवार त्या बाईने पहाटे चूल पेटवली होती. मुरंब्याच्या साली जशा करतात तशा, एकेक साल पुसून. घरून बाहेर जाणारी वस्तू कडू जाऊ नये म्हणून.

"मले सांगावं लागते ना, पोरी," त्या हळूच म्हणाल्या.

"मी विचारलंच नाही तुले. मऊ लागत होत्या, तरी विचारलं नाही. लहानपणापासून तुले मुरंबा करताना पाहते मी." मग कामिनीची नजर थैलीकडे गेली. "आई, ही संत्री."

"ते सरायचे हायत!" पंचफुलाबाईंनी थैली जवळ ओढली.

"सर साल खातात का? सोलून देऊ."

"सोललेली संत्री देते का कोणी साहेबाले? काय म्हणन तो माणूस?"

हा वाद चांगलाच रंगला. पंचफुलाबाईंच्या मते अख्खं फळ म्हणजे मान, आणि सोललेलं फळ लेकराला देतात. कामिनी म्हणाली, आई, उद्या तेल नाही दिसलं तर सर मला संत्री खाऊनच नापास करतील. यावर पंचफुलाबाईंनी थैलीवरचा हात काढला.

मग आमच्या गच्चीवर संत्री सोलायचा जो प्रयोग झाला, त्याला तिकीट लावता आलं असतं. पंचफुलाबाई, गार्गी आणि मी गोल बसलो. धोंडबाजींना वासानेच बोलावणं गेलं; ते आले आणि सोलण्यापेक्षा खाण्याकडे वळले. "काका, साल इकडे," गार्गी दटावायची. सालीचे तुषार हातांवर, डोळ्यांत. फोडी एका पातेल्यात भरल्या. कामिनीने जुनी साल काढून ताजी भरली आणि जाळ लावला.

पहिले थेंब पडले तेव्हाच कळलं. वास इतका घमघमला की खालच्या रस्त्यावरचा माणूस वर पाहू लागला. बाटलीत पाणी चढत गेलं आणि त्याच्या डोक्यावर पिवळसर, स्वच्छ, वेगळा थर बसला. गार्गीने एवढ्या जोरात किंकाळी मारली की धोंडबाजींच्या हातातली फोड पडली.

पंचफुलाबाई वाकून बाटलीकडे पाहत होत्या. "थैलीभर संत्र्याचं एवढंच?"

"एवढंच निंगते, आई. म्हणूनच महाग आहे."

"मंग चार सोमवारचं म्या किती फेकलं वं!"

"आता ते मोजू नको," कामिनी म्हणाली.

त्यांनी मोजलं नाही. पण बसून राहणं त्यांच्या अंगात नव्हतं. त्या दिवशीच्या डब्यातल्या उकळलेल्या साली, ज्या काढून बाजूला ठेवल्या होत्या, त्या त्यांनी उचलल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. "बाई, साखर कुठं हाय?" संध्याकाळी जेवणाआधी माझ्या गॅसवर मुरंबा तयार होता. कडूपणाचा मागमूस नाही. दोन पाण्यांचं काम वाया गेलं नव्हतं.

गुरुवारचं मी पाहिलं नाही. गार्गीने येऊन सगळं करून दाखवलं, परीक्षकांच्या चष्म्यासकट. बाहेरचे परीक्षक ज्येष्ठ होते आणि भारी खडूस. त्यांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला, मान हलवली. मग वही उघडली आणि बोट ठेवलं. "सहाव्या खेपेला तेल आहे. पहिल्या पाच खेपांना नाही. संच तोच, साली तेवढ्याच. तुमचा मास बॅलन्स जुळत नाही. ते तेल कुठे गेलं?"

गार्गी म्हणाली, तिने काहीतरी ठोकून दिलं असतं. वाफ गळाली असं सांगता आलं असतं. नळी खराब होती असंही चाललं असतं; नळी खरोखर बदलली होती.

कामिनी म्हणाली, "सर, नरखेड तालुक्यातल्या माझ्या गावच्या नालीत."

परीक्षकांनी चष्मा काढला.

तिने सांगितलं. साली आधी उकळून यायच्या, तेल त्या पाण्यात जायचं. आपण खाण्यासाठी करतो तशा स्वच्छ करून आई पाठवायची. "मी पाठव म्हटलं, कशा पाठवायच्या ते सांगितलं नाही. आल्यावरही तपासलं नाही. संचाचा प्रत्येक सांधा तपासला, कच्चा माल नाही तपासला, कारण तो घरून येत होता. ही चूक माझी आहे."

"आणि पुढे कोणी शेतकऱ्याने हा संच घेतला तर?"

"तर पहिली सूचना हीच राहील, सर. साल कच्ची, त्याच दिवशी सोललेली. धुवायची तर थंड पाण्याने."

परीक्षक काही वेळ लिहीत राहिले. प्रेमानंद सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. गार्गीच्या मते ते हसू दाबत होते. मग सरांनी विचारलं, "तुमच्या आई आल्या आहेत ना? बाहेर बाकावर कोणीतरी पातेलं घेऊन बसलं आहे."

पंचफुलाबाई आत आल्या. पातेल्यावर धुतलेलं फडकं झाकलेलं. साहेबांना सोललेली फळं द्यायची लाज अजून गेली नव्हती, म्हणून आधी मुरंब्याची वाटी पुढे केली. परीक्षकांनी चव घेतली. पुन्हा घेतली.

"हा कशाचा?"

"ज्याच्यात तेल नव्हतं त्या सालीचा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

कामिनी पास झाली. गुण फार नाहीत, पण पहिल्या वर्गात बसण्याइतके. जूनमध्ये बुटीबोरीला रुजू झाली. राहते अजून माझ्याकडेच, कंपनीची बस घेऊन जाते. वेटोळं आणि कुकर गावी गेले. मृग बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाची, फळं उतरली की दोन झाडांच्या साली त्यात चढतात, आणि जाळावर पंचफुलाबाई बसतात. धोंडबाजींना कबूल केलेली बाटली मिळाली. ते टकलाला लावतात, परिणाम अजून दिसलेला नाही.

डबा मात्र सोमवारी अजून येतो. आणि तो यायच्या आदल्या दिवशी फोन येतो, तो हल्ली मीच उचलते, कारण कामिनी तेव्हा तिच्या आठवड्याचे कपडे धूत असते.

"बाई, तिले विचारा जरा," पंचफुलाबाई म्हणतात. "वाल पाठवून राहिली. कच्चेच पाठवू का सोलून?"